क्वीन आली म्हणजे बाईच आली का?

प्रश्न थोडक्यात असा. टॅरोच्या, म्हणजे चित्रांच्या कार्डांवरून वाचन करण्याच्या, वर्गात शिकवलं गेलं की किंग म्हणजे वयाने मोठा पुरुष, क्वीन म्हणजे बाई, नाइट म्हणजे लग्नाच्या वयाचा मुलगा, पेज म्हणजे लहान मूल. एम्प्रेस आली की आई किंवा गर्भारपण, लव्हर्स आलं की नवरा-बायको. आता ओळखीतली एक नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणारी, व्यक्ती रीडिंग मागते आहे आणि दोन मुलींचं एक जोडपंही येणार आहे. शिकलेले अर्थ त्यांना बसत नाहीत. बदलले तर "परंपरा मोडते, कार्डं खोटं बोलायला लागतात" अशी ताकीद मिळालेली आहे. त्यात बोलायचं मराठीत, जिथे 'आलास' की 'आलीस' हे ठरल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मग करायचं काय, आणि त्यासाठी नवा डेक, म्हणजे कार्डांचा संच, घ्यावा का?

ताकिदीपासून सुरुवात करते, कारण ती ज्यांनी दिली त्यांनी ही परंपरा मुळातून उघडून पाहिलेली नसावी.

तुमच्या हातातला डेक बहुधा रायडर-वेट-स्मिथ किंवा त्याचाच एखादा अवतार असणार. लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकांनी तो डिसेंबर १९०९ मध्ये बाजारात आणला. आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. वेट यांनी सोबत मार्गदर्शक पुस्तकही लिहिलं. प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीसाठी सिग्निफिकेटर, म्हणजे तिच्या वतीने टेबलावर मांडायचं कार्ड, कसं निवडावं याचे नियम त्यात आहेत. पुरुष चाळीस किंवा त्याहून मोठा असेल तर नाइट, लहान असेल तर किंग. चाळिशी उलटलेल्या बाईसाठी क्वीन, तिच्याहून लहान असेल तर पेज. पुन्हा एकदा वाचा. प्रौढ पुरुष घोड्यावर आणि तरुण सिंहासनावर. आणि तरुण मुलीच्या जागी चित्रात उभा आहे तो राजदरबारातला एक पोरगा. वर्गात तुम्हाला शिकवलेल्या नियमाची यात कुठेच ओळख पटत नाही.

गंमत पुढे आहे. सूट, म्हणजे पत्त्यांतल्या रंगांसारखे वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स या चार गटांपैकी एक, निवडायचा तो केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून. पिवळे किंवा तांबूस केस, गोरा वर्ण, निळे डोळे असतील तर वाँड्स. फिकट तपकिरी केसांना कप्स, गडद तपकिरी केसांना स्वोर्ड्स. काळे केस, काळे डोळे आणि सावळा वर्ण असेल तर पेंटॅकल्स. या हिशोबाने घाऱ्या डोळ्यांची काही घरं वगळली तर सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत सगळा महाराष्ट्र पेंटॅकल्समध्ये जातो आणि उरलेले तीन सूट आपल्याकडे पडून राहतात. आपल्याकडे हा नियम पाळताना मी कुणालाही पाहिलेलं नाही. सगळ्यांनी तो न बोलता गाळला, आणि कार्डं काही खोटं बोलायला लागली नाहीत. मग त्याच परिच्छेदातला स्त्री-पुरुषांचा नियम तेवढा पवित्र कसा?

आणखी मागे गेलं तर राणीच दिसेनाशी होते. इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात मामलुक, म्हणजे मध्ययुगीन इजिप्तच्या सुलतानांच्या, काळातले पत्ते आहेत. त्यांत राजा, राजाचा नायब आणि दुय्यम नायब, एवढाच दरबार. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, मिळून १२० पानं. त्यांत चित्राची पानं राजा आणि प्रधान यांचीच. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो पत्त्यांचा खेळ म्हणून, आणि राणी तिथे दरबारात बसली. मिलानच्या व्हिस्कोंती घराण्यासाठी रंगवलेला एक संच आज येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक सुटाला दरबारी कार्डं सहा: राजा, राणी, घोडेस्वार, घोडेस्वार स्त्री, सेवक आणि सेविका. म्हणजे टॅरोच्या अगदी सुरुवातीच्या संचांपैकी एकात बायका घोड्यावर बसलेल्या आहेत. पुढे कुणीतरी त्यांना उतरवलं. विसाव्या शतकात इंग्रज गूढवादी अलेस्टर क्राउली आणि चित्रकार फ्रीडा हॅरिस यांनी थॉथ डेक केला, त्यात किंग हे पदच नाही. नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस अशी मांडणी आहे. दरबार दर पिढीत बदललेला आहे, आणि तुमच्या वर्गातला नियम त्यातल्या एका टप्प्यावरचा आहे.

आता प्रत्यक्ष वाचायचं कसं ते सांगते. मी कार्डांतून भविष्य सांगत नाही. चित्र समोर आलं की माणूस स्वतःच्या प्रश्नाबद्दल जास्त नेमकं बोलू लागतो, एवढाच माझा दावा. त्यामुळे दरबारी कार्ड, म्हणजे पेज, नाइट, क्वीन किंवा किंग, आलं की 'हे कोण?' असं न विचारता मी त्यात काय चाललंय ते बघते. पेज नवी वस्तू हातात घेऊन ती निरखतो किंवा पेलून पाहतो. नाइट ती वस्तू घेऊन निघालेला असतो. कुणी भरधाव, कुणी रमतगमत, आणि पेंटॅकल्सचा तर घोडा थांबवून उभाच. क्वीन त्या गोष्टीला आतून ओळखते, सांभाळते, तिच्यासोबत राहते. किंग तीच गोष्ट वापरून इतरांच्या वतीने निर्णय घेतो आणि त्याची जबाबदारी अंगावर घेतो. शिकणं, निघणं, सांभाळणं, चालवणं. या चार अवस्थांमधून माणूस एकाच दिवसात जाऊ शकतो. ऑफिसात अख्खा विभाग चालवणारी बाई संध्याकाळी गाण्याच्या शिक्षकांपुढे पेज असते.

क्वीन ऑफ पेंटॅकल्स घ्या. मांडीवर नाणं धरून बसलेली, भोवती हिरवळ, कोपऱ्यात ससा. आजारी वडिलांची औषधं, दुधाचा हिशोब, विजेचं बिल, रात्री दोनदा उठणं, हे सगळं एकहाती करणाऱ्या मुलाने प्रश्न विचारला आणि हे कार्ड आलं, तर "तुमच्या आयुष्यात एक प्रेमळ बाई येईल" असं सांगणं म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं काम न बघणं. कार्ड त्याचंच आहे. त्याला विचारा, हे सगळं सांभाळताना तुम्हाला कोण सांभाळतं?

क्वीन ऑफ स्वोर्ड्सवर तर फार अन्याय झालाय. वेट यांनी तिच्या माथी वैधव्य आणि स्त्रीचं दुःख लिहिलं, तिथून ती 'कडवट एकटी बाई' झाली, आणि आपल्याकडे येईपर्यंत थेट सासू. चित्र बघा. तलवार सरळ उभी धरलेली, डावा हात पुढे केलेला, मुकुटावर फुलपाखरं. काहीतरी गमावून बसलेली आणि तरीही "या, बोला, पण खरं बोला" असं म्हणणारी ही व्यक्ती आहे. ती तुमच्या ऑफिसातले अकाउंट्सचे साहेब असू शकतात, थोरला भाऊ असू शकतो, किंवा तुमच्यासमोर बसलेली नॉन-बायनरी क्लायंट व्यक्ती स्वतः.

इथे एक पळवाट हल्ली फार चालते. 'बाई' म्हणायचं नाही, 'फेमिनिन एनर्जी' म्हणायचं; 'पुरुष' ऐवजी 'मॅस्क्युलिन एनर्जी'. कप्स आणि पेंटॅकल्स फेमिनिन, वाँड्स आणि स्वोर्ड्स मॅस्क्युलिन. मला हे पटत नाही. कोमलपणा, ग्रहणशीलता, माया हे सगळं बाईच्या खात्यात आणि धडाडी, तर्क, सत्ता पुरुषाच्या खात्यात, ही जुनीच वाटणी त्यात नव्या रंगाने रंगवलेली असते. 'तुमच्यातली फेमिनिन एनर्जी दबली आहे' हे वाक्य ट्रान्स पुरुषाने, म्हणजे जन्मावेळी मुलगी ठरवल्या गेलेल्या पुरुषाने, ऐकलं तर काय होईल याचा विचार करा. जे म्हणायचं ते सरळ म्हणा: "तुम्ही घेत कमी आणि देत जास्त आहात." "इथे सुरुवात व्हायची राहिली आहे." अर्थ जास्त स्पष्ट पोचतो आणि कुणाला स्वतःचं भाषांतर करत बसावं लागत नाही.

आता उलट्या टोकाबद्दल. सर्वसमावेशक व्हायचं म्हणून काही जण प्रत्येक कार्डातलं लिंग खरवडून काढतात. एम्प्रेसला एम्प्रेस म्हणायचं नाही, आई हा शब्द उच्चारायचा नाही. हेही तितकंच कानाला बोचतं. एखादी ट्रान्स स्त्री एम्प्रेसकडे बघून खुलली, गव्हाचं शेत, ताऱ्यांचा मुकुट, ऐसपैस बसलेली ती बाई तिला स्वतःची वाटली, तर त्या क्षणी "हे कार्ड तसं लिंगनिरपेक्ष आहे हं" म्हणणारा रीडर रसभंग करतो. कुणी किंगकडे बोट दाखवून "हे माझे बाबाच" म्हणालं तर ते बाबाच. मी इतकंच पाळते की लिंग टेबलावर क्लायंटने आणायचं, मी नाही. त्यांनी आणलं की त्यावर मनापासून बोलायचं.

मेजर अर्काना, म्हणजे एम्प्रेस, लव्हर्स यांसारखी सुटांबाहेरची मोठी कार्डं, तुम्हाला वाटतो तितका अडचणीचा नाही. टेम्परन्सच्या देवदूताबद्दल वेट स्वतःच लिहून गेलेत की मी पुल्लिंगी बोलतो आहे खरा, पण ही आकृती पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही. ज्यांना परंपरेचा आधार हवा त्यांना हे वाक्य दाखवा. स्ट्रेंग्थ कार्डावर आज आपण सिंहाचा जबडा हाताळणारी स्त्री बघतो. पंधराव्या शतकातल्या व्हिस्कोंती-स्फोर्झा संचात तिथे सोटा उगारलेला पुरुष आहे. गुण तोच, देह वेगळा. फ्रान्समधल्या बेझाँसाँ धाटणीच्या पत्त्यांत पोप आणि स्त्री-पोप यांच्या जागी ज्युपिटर आणि जूनो आले. वर्ल्ड कार्डावरच्या नर्तिकेचा देह शेल्याने मुद्दाम अर्धवट झाकलेला आहे आणि गूढवादी मंडळींनी तिला उभयलिंगी मानल्याचीही जुनी परंपरा आहे. (या कार्डावर अर्धनारीश्वराचं उदाहरण देण्याचा मोह आपल्याला होतो. क्लायंटने काढलं तर जरूर बोलावं. पण मी स्वतःहून काढत नाही. घारापुरीचं शिल्प थोरच आहे, मात्र आपल्या साध्या रोजच्या जगण्याला दर वेळी देवाचा दाखला जोडला जावा असं प्रत्येकाला वाटत नाही.)

लव्हर्सवर जरा थांबू, कारण जोडपं येणार आहे. फ्रान्समधल्या मार्सेय धाटणीच्या जुन्या कार्डावर एक पुरुष दोन स्त्रियांच्या मध्ये उभा आहे आणि वर क्युपिड बाण रोखून बसलाय. तिथे मुद्दा निवडीचा होता: कुणाकडे जायचं, कशाचा हात धरायचा. १९०९ मध्ये त्याजागी आदम आणि ईव्ह आले, मागे ज्ञानाचं झाड आणि साप, वर देवदूत. नवरा-बायको हा अर्थ या दुसऱ्या चित्राला चिकटलेला आहे. पण त्यातही नजरांची दिशा बघा. एकाची नजर दुसऱ्यावर आहे, आणि त्या दुसऱ्याची नजर वर देवदूताकडे. हे मला कुठल्याही जोडप्यासाठी पुरतं. "तुमच्यापैकी सध्या कोण समोरच्याकडे बघतंय आणि कोण वर, लांब कुठेतरी?" एवढं विचारून गप्प बसायचं. कोण आदम आणि कोण ईव्ह हे ठरवत बसायची गरजच पडत नाही. "तुमच्यात नवरा कोण?" हा प्रश्न त्या दोन मुलींनी आयुष्यभर ऐकलेला आहे; तुमच्या टेबलावर तरी तो नको.

एम्प्रेस आणि गर्भारपण याबद्दल माझा नियम कडक आहे. विचारल्याशिवाय मुलाबाळांचा विषय काढायचा नाही, कुणापुढेच नाही. ज्यांना मूल नकोय, ज्यांचं राहिलेलं टिकलं नाही, ज्यांना गर्भाशयच नाही, अशी कुणीही माणसं समोर असू शकतात. शेत पिकलंय, झरा वाहतोय. कशाची तरी मशागत चालू आहे, कशाची ते त्यांना सांगू द्या. एम्परर आला की मी "वडील" म्हणण्याआधी "घरात शेवटचा शब्द कुणाचा?" असं विचारते. कितीतरी मराठी घरांत त्या दगडी सिंहासनावर आजी बसलेली असते, झग्याखाली चिलखत घालून.

डेक नवा घ्यावा का, असंही विचारलंत. हौस असेल तर घ्या, सक्ती नाही. व्हिकी नोबल आणि कॅरन व्होगल यांचा गोल कार्डांचा मदरपीस १९८१ चा. त्यात दरबारात शामान, प्रीस्टेस, मुलगा आणि मुलगी आहेत. रेचल पोलॅक या स्वतः ट्रान्स स्त्री, टॅरोवर लिहिणाऱ्यांत फार मोठं नाव, २०२३ मध्ये वारल्या. त्यांनी आपल्या डेकमध्ये राजा-राणी काढूनच टाकले आणि स्थान, जाणकार, देणगी आणि वक्ता अशा अर्थाच्या पदव्या दिल्या. माणसंच नसलेले, प्राण्यांचे डेकही मिळतात. पण माझं मन अजून पामेलाच्या चित्रांवर आहे. त्या लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर काम केलेल्या, रंगभूमीत मुरलेल्या बाई. त्यांची माणसं वेषभूषेतली माणसं आहेत. 'द फूल' (म्हणजे वेडा, मूर्ख) या कार्डावरचा तो फुलाफुलांच्या अंगरख्यातला जीव मुलगा की मुलगी हे ठामपणे सांगून दाखवा. पेज ऑफ कप्सबद्दल तर वेट यांनाही तो काहीसा बायकी आहे अशी नोंद करावी लागली. बालगंधर्वांचं नेसणं बघून बायकांनी आपलं नेसणं बदललं, त्या रंगभूमीच्या प्रेक्षकांना वेष आणि देह यांतलं अंतर वेगळं शिकवायला नको.

भाषेचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण रीडिंग चुकतं ते बहुतेक वेळा कार्डाच्या अर्थात नाही, क्रियापदात. सुरुवातीलाच विचारा: "तुमच्याशी बोलताना कसं बोलू? नाव कोणतं घेऊ?" सगळ्यांना विचारा, दिसण्यावरून निवडक लोकांना नको. कुणी 'तो' सांगेल, कुणी 'ती', कुणी 'ते', कुणाला काहीही चालेल. सांगितलं ते वापरायचं. जीभ घसरली तर तिथल्या तिथे दुरुस्त करून पुढे जायचं. माफीचं लांबण लावलं की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

आणि ज्यांच्याबद्दल माहीत नाही, म्हणजे क्लायंट ज्या जोडीदाराबद्दल विचारतोय त्या गैरहजर माणसाबद्दल, तिथे मराठी आपल्याला वाटते त्यापेक्षा उदार आहे. 'ते आले', 'त्या आल्या' इथे अडतं; पण 'त्यांना काय वाटतं', 'त्यांनी काय ठरवलं', 'त्यांचं म्हणणं काय', 'त्यांचा फोन आला' यांत काहीच उघड होत नाही. अख्खा तास या रूपांवर निघतो. समोरच्या व्यक्तीशी 'तुम्ही' वापरलं तर 'तुम्ही ठरवलंत', 'तुम्ही गेलात', 'तुम्ही कराल' सगळं सुरळीत चालतं. 'तुम्ही थकलेले दिसता' की 'थकलेल्या' अशी अडचण आली तर 'तुम्हाला थकवा आलेला दिसतो' म्हणा. 'तुम्ही अडकला आहात' की 'अडकल्या' याऐवजी 'तुमचं इथे अडलंय'. मैत्रीतल्या माणसाशी 'तू' असेल तर 'तुला', 'तुझं', 'तू ठरवलंस', 'तू करशील' आहेतच. 'व्यक्ती' हा शब्द सोयीचा आहे, पण त्याच्यामागे 'ती', 'म्हणाली', 'गेली' अशी रांग लागते. ट्रान्स पुरुषाबद्दल सलग पाच वाक्यं तशी गेली की कान टोचतात. मधूनमधून नाव घ्या. आरशापुढे बसून दोन दिवस असं बोलून बघा, सवय होते.

आता अवघड प्रश्न. हे येणारच.

"मी ट्रान्स आहे का, कार्डं काय म्हणतात?" कार्डं काही म्हणत नाहीत. कुणाचं लिंग किंवा लैंगिक कल कार्डावरून सांगणं हे मी गैर मानते, कितीही 'स्पष्ट दिसत' असलं तरी. "या प्रश्नासोबत आज कसं राहता येईल" यावर कार्ड ओढू, आणि या विषयात काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जायचं असेल तर ते शोधायला मदत करू.

"माझी मुलगी मुलासारखी राहते, तिचं काय आहे ते बघा ना." आई-वडील येतात, घाबरलेले असतात, पैसे द्यायला तयार असतात. मुलाच्या पाठीमागे त्याच्याबद्दलचं रीडिंग मी करत नाही. त्याऐवजी आईलाच विचारते की तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते, आणि त्या भीतीसाठी कार्ड ओढते. बहुतेक वेळा नातेवाईक, शाळा आणि लग्न या तीन गोष्टी निघतात, आणि त्यांवर बोलता येतं.

"आमचं लग्न कधी होईल?" समलिंगी जोडप्याने हे विचारलं तर तुम्हाला कायदा ठाऊक हवा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या ३७७ कलमातून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळलं. त्यामुळे नातं गुन्हा नाही. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला न्यायालयाने नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोडला. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की पुरुष-स्त्री नात्यात असलेल्या ट्रान्स व्यक्तींना सध्याच्या कायद्यांखाली लग्न करता येतं. हे माहीत नसताना "पुढच्या वर्षी योग आहे" असं ठोकून देणं बेजबाबदार आहे. त्यांच्यासाठी 'लग्न' म्हणजे काय ते विचारा: एकत्र घर, अंगठी, घरच्यांचा होकार, की मृत्युपत्रात आणि बँकेच्या नॉमिनेशनमध्ये एकमेकांचं नाव? प्रत्येकासाठी वेगळं कार्ड निघेल.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. प्रश्न समजा असा: "आमचं नातं घरी सांगायचंय, कसं सांगू?" तीन कार्डं: नाइट ऑफ कप्स, क्वीन ऑफ स्वोर्ड्स, फोर ऑफ वाँड्स. वर्गातल्या पद्धतीने हे वाचन तोंडपाठ येतं: एक देखणा मुलगा प्रस्ताव घेऊन येईल, एक कडक बाई आडवी येईल, शेवटी लग्न. विचारणाऱ्याला यातलं काहीच मिळालं नाही.

मी असं बोलेन. "घोडा सावकाश चाललाय, कप सांडू नये म्हणून. समोर ओढा आहे. तुम्हाला हे बोलणं प्रेमाने, जपून न्यायचंय, पण जपता जपता किती काळ असंच चालणं झालंय?" मग थांबायचं. उत्तर आलं की दुसरं कार्ड. "इथे सजावट संपली. घरात असं कोण आहे जे गोड बोलत नाही, पण एकदा ऐकून घेतलं की शब्द फिरवत नाही? आत्या, आजोबा, भाऊ, कुणीही. आधी त्यांना सांगता येईल का? की ही तलवार तुमच्याच हातात आहे आणि दोन वाक्यांत सांगायची वेळ आली आहे?" तिसऱ्या कार्डाला सगळे लग्नाचं कार्ड म्हणतात. चार काठ्यांवर फुलांची माळ, मागे वाडा, आणि पुढे गुच्छ उंचावून उभ्या असलेल्या दोन आकृती. या दोघी स्त्रिया आहेत असं खुद्द वेट यांनीच लिहून ठेवलंय. ज्या कार्डावर आपण शंभर वर्षं नवरा-नवरी बघत आलो, तिथे मुळात दोन बायका आहेत! हे त्या मुलींना जरूर सांगा. टेबलाभोवतीची हवा हलकी होते. पण तिथे थांबू नका. "मांडव वाड्याच्या बाहेर आहे. मधे खंदक आहे आणि त्यावर पूल आहे. तुमचा आनंद आत्ता घराबाहेर साजरा होतोय. पूल ओलांडायचा का, कधी, हे तुमच्या हातात. आणि आत घेतलं नाही तर त्या रात्री राहायला कुठे जाल, ते आधी ठरलंय का?" हा शेवटचा प्रश्न विचारायलाच हवा. पगार स्वतःचा नाही, कागदपत्रं घरच्यांच्या कपाटात, अशा स्थितीत धाडसाचं कार्ड दाखवून कुणाला पुढे ढकलू नये.

जोडप्याच्या रीडिंगसाठी तुमच्याकडे जो रिलेशनशिप स्प्रेडचा, म्हणजे कार्डं कुठे मांडायची त्याचा, छापील कागद असेल त्यावर डावीकडे 'तो' आणि उजवीकडे 'ती' लिहिलेलं असणार. ते खोडा, दोघींची नावं लिहा, आणि पहिलं कार्ड कुणी ओढायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.